जुनी पिकअप घेताना तिचा प्रकार कसा ओळखावा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आमच्या महाविद्यालयातले एक-दोन सहकारी हसले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने जुन्या पिकअप गाडीवर काय बोलावे, असे त्यांना वाटले असावे. पण आपल्या खेड्यांत आज घर आणि जमीन सोडली, तर सर्वांत मोठी खरेदी कोणती होत असेल? कोणी ट्रॅक्टर घेतो, कोणी पिकअप घेतो. त्यांतही नवी कोरी गाडी घेण्याची ऐपत फार थोड्यांची. बाकीचे जुनी घेतात. आणि जुनी गाडी घेताना माणूस किती फसतो, हे मी माझ्या घरातच पाहिले आहे. म्हणून हा विषय घेतला.

माझा एक मामेभाऊ जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी पिकअप घेतली. गाडी कोणत्या कंपनीची आणि विकणारा कोण, ते राहू द्या. विकणाऱ्याने सांगितले, “पाव्हणं, टॉप मॉडेल आहे. पावणेदोन टनी गाडी, पॉवर स्टेअरिंग, एसी. शिवाय परमिटचीही कटकट नाही.” गाडी नुकतीच रंगवलेली होती, सीटवर नवी कव्हरे होती, मागच्या फाळक्यावर ‘१.७’ असा ठसठशीत आकडा होता. आमच्या भावाने एक फेरी मारली, स्टेअरिंग हलके लागले, एसीचा गार वारा तोंडावर आला. साध्या मॉडेलपेक्षा पन्नास-साठ हजार जास्त मोजून तो गाडी घेऊन आला.

पहिल्या हंगामात तो नारायणगावच्या बाजाराला ७७ कॅरेट भरून निघाला. क्रेटला आमच्याकडे कॅरेटच म्हणतात. भरलेले एक कॅरेट साधारण २२ किलो, म्हणजे माल झाला १,६९४ किलो. गाडी पावणेदोन टनी समजली तर हिशेब बरोबर होता. पण वाटेत तपासणी झाली, गाडी काट्यावर गेली, आणि अधिकाऱ्याने सांगितले की, “तुमच्या गाडीची क्षमता १,३०० किलोच आहे. जवळजवळ चारशे किलो माल जादा आहे.” मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा मालाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. उन्हात रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या टोमॅटोचे काय होते, हे ऐकणाऱ्यांना मी सांगायला नको.

रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “दादा, मागं १.७ लिहिलंय की रे!” मी म्हटले, “अरे, लिहिणाऱ्याचं काय जातं? आरसी वाचलीस का?” तर म्हणाला, “आरसी खिशात आहे, वाचली नाही.”

श्रोतेहो, या एका वाक्यातच आजच्या भाषणाचे सगळे सार आहे.

आता मुळापासून पाहू. एकाच नावाच्या गाडीचे कंपनी अनेक प्रकार काढते. शोरूममधली मंडळी त्याला ‘व्हेरियंट’ म्हणतात, आपण ‘बेस मॉडेल’, ‘टॉप मॉडेल’ असे म्हणतो. अमेरिकेत हा शब्द ‘ट्रिम’ असा आहे, आणि तिथे त्याचा रोख मुख्यतः सुखसोयींवर असतो. तिथली फोर्ड कंपनीची एफ-१५० ही पिकअप घ्या. एक्स एल, एक्स एल टी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम अशी तिच्या प्रकारांची नावे आहेत. एक्स एल ही कामकरी माणसाची साधी गाडी, तर किंग रँचमध्ये चामड्याची गादी आणि बैठकीच्या खोलीचा थाट. जनरल मोटर्सच्या अनेक पिकअपमध्ये समोरच्या कप्प्यात एक चिठ्ठी चिकटवलेली असे. गाडीत कारखान्यातून काय काय बसवून आले, त्याचे तीन-तीन अक्षरांचे संकेत तिच्यावर छापलेले असत.

आपल्याकडे मात्र पिकअपचा प्रकार म्हणजे केवळ गादी आणि पंखा नव्हे. इथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, गाडी वजन किती वाहते. दुसरी, मागचा हौदा कसा आहे, किती लांब आहे, की हौदा नसून नुसती केबिन आणि चेसी आहे. तिसरी, चालवणाऱ्याच्या सोयी, म्हणजे पॉवर स्टेअरिंग, एसी वगैरे. यांतली तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते. म्हणून विकणारा तीच दाखवतो. पहिली डोळ्यांना दिसत नाही, आणि पैसा तर तिच्यातच असतो.

उदाहरणासाठी आपल्या रस्त्यांवर जी सर्रास दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप घेऊ. आरसीवर तिचे नाव नुसते ‘बोलेरो पिकअप’ असे नसते. त्याच्यापुढे अक्षरांची शेपटी असते. ‘एफ बी’ म्हणजे सपाट हौद्याची. ‘सी बी सी’ म्हणजे हौद्याशिवाय, नुसती केबिन आणि चेसी; हिच्यावर मालक आपल्या सोयीची बॉडी बांधून घेतो. ‘पी एस’ म्हणजे पॉवर स्टेअरिंग. ‘ए सी’चा अर्थ सांगायला नको. आणि ‘१.३ टी’ किंवा ‘१.७ टी’ म्हणजे किती टनांची. ही शेपटी म्हणजेच गाडीचा प्रकार. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने बोलेरो मॅक्स पिकअपची मालिका आणली. तिच्यात सिटी आणि एच डी असे दोन गट, १.३ टनांपासून २ टनांपर्यंत क्षमता, आणि त्यांत पुन्हा एल एक्स ही साधी व व्ही एक्स आय ही जास्त सोयींची, अशी वाटणी आहे. टाटांच्या ‘एस’ गाडीचेही तसेच. २००५ साली ती आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. पुढे एस मेगा, एस गोल्ड असे किती प्रकार निघाले, पण गावात सगळ्यांना नाव एकच, छोटा हत्ती. बोलीभाषेला हे शोभते, पण व्यवहाराला नाही.

इथे एक गंमत ध्यानात ठेवा. बोलेरो पिकअपच्या १.३ टनी आणि १.७ टनी या दोन्ही गाड्यांत डिझेल इंजिन २,५२३ सीसीचेच. म्हणजे कोणी इंजिनाचा आकार सांगून “बघा, मोठं इंजिन आहे, म्हणजे मोठी गाडी आहे” असे म्हणू लागला, तर तो पुरावा नव्हे. एकाच ताकदीचे दोन बैल, पण एकाला जोडलेली गाडी हलकी आणि दुसऱ्याला जोडलेली भारी, तसला हा प्रकार आहे. फरक असतो तो चेसीच्या मजबुतीत, पाट्यांत, टायरांत, आणि कंपनीने ठरवून दिलेल्या एकूण वजनात.

मग प्रकार ओळखायचा कसा? बैलबाजारात जाणारी आपली जुनी माणसे काय करीत, ते आठवा. बैलाची शिंगे रंगवलेली आहेत, अंगावर झूल आहे, याला ती भुलत नसत. आधी तोंड उघडून दात पाहत. दुदाती आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे पाहून वय ठरवत. मग पाय, खूर, चाल. हेडी कितीही गोड बोलला तरी दात खोटे बोलत नाहीत. गाडीलाही असे दात आहेत. कोणत्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा, तेवढे समजले पाहिजे.

सर्वांत कच्ची खूण म्हणजे बाहेरची अक्षरे. फाळक्यावरचा आकडा, दारावरची पट्टी, कंपनीचे चिन्ह, या सगळ्या वस्तू बाजारात सुट्या मिळतात आणि पाच मिनिटांत चिकटवता येतात. सीटची कव्हरे, टेप, चाकांवरच्या झाकण्या यांचेही तसेच. यांवरून काहीच ठरवू नका.

त्याहून थोडी पक्की खूण केबिनमध्ये असते. साध्या प्रकारात जी सोय कंपनीने दिलेली नसते, तिच्या बटणाच्या जागी डॅशबोर्डवर कोरे झाकण बसवलेले असते. अशी कोरी झाकणे बरीच दिसली आणि तरी विकणारा टॉप मॉडेल म्हणत असला, तर सावध व्हा. एसी आणि पॉवर स्टेअरिंग मागाहूनही बसवून घेता येतात. बसवू नयेत असे नाही. पण मागाहून बसवलेल्या वस्तूची किंमत वेगळी आणि भरवसाही वेगळा. बोनेट उघडून नळ्या, पट्टे, वायरी पाहा. कारखान्यातले काम एका वळणाचे असते, क्लिपा जागच्या जागी असतात. गॅरेजातल्या कामात कुठे तरी चिकटपट्टी, कुठे तरी दोरी दिसतेच. ओळखीचा मेकॅनिक बरोबर असला तर त्याला हे एका दृष्टीत कळते.

पाटे आणि टायर हेही पाहावेत. मागच्या पाट्यांत पाने किती आहेत, टायरचा आकार काय, हे प्रकाराप्रमाणे बदलू शकते. मालकाच्या पुस्तिकेत त्या प्रकाराचा टायर दिलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहावे. मात्र पुष्कळ लोक जादा माल भरण्यासाठी पाट्यांत एखादे पान वाढवून घेतात. त्याने गाडी बसत नाही, पण तिची कायदेशीर क्षमता एक किलोनेही वाढत नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सल तेच राहतात. उलट, वाढवलेले पान दिसले तर समजावे की या गाडीने आयुष्यभर कुवतीबाहेर ओझे वाहिले आहे.

आता पक्क्या खुणेकडे येऊ. ती म्हणजे चेसी नंबर. हा नंबर गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि कंपनीच्या पत्र्याच्या पट्टीवरही असतो. कुठे असतो, ते कंपनीप्रमाणे बदलते. पुस्तिकेत जागा दाखवलेली असते. यात अक्षरे आणि अंक मिळून सतरा स्थाने असतात. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे त्यात कधीच नसतात, कारण एक आणि शून्य या अंकांशी त्यांचा घोटाळा होतो. तेव्हा तुमच्या कागदावर चेसी नंबरात ‘ओ’ लिहिलेला दिसला, तर तो शून्य असला पाहिजे; लिहिणाऱ्याने चूक केली आहे.

पहिली तीन स्थाने कारखानदाराची. महिंद्राच्या गाड्यांवर एम ए १ असते, टाटांच्या गाड्यांवर एम ए टी. मधली सहा स्थाने गाडीच्या वर्णनाची. मॉडेल आणि प्रकार यांचा संकेत इथेच दडलेला असतो. शेवटची आठ स्थाने त्या एका गाडीची. दहाव्या स्थानी पुष्कळ कंपन्या उत्पादनाच्या वर्षाचे अक्षर घालतात. २०१० ला ए, २०११ ला बी, असे करत २०१७ ला एच. मग आय वगळून २०१८ ला जे, २०१९ ला के, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन. पुढे ओ वगळून २०२३ ला पी. क्यू वगळून २०२४ ला आर. विकणारा २०२० चे मॉडेल म्हणतो आणि दहावे अक्षर ‘के’ आहे, तर गाडी २०१९ ला तयार होऊन पुढल्या वर्षी नोंदवली गेली असण्याचा संभव आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे छापलेले असतात. त्याच्याशी हे अक्षर पडताळून पाहा. एका वर्षाचा फरक म्हणजे किमतीत बराच फरक.

मधल्या सहा अक्षरांचा अर्थ आपल्याला लावता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीची बाराखडी निराळी. पण तो लावण्याची गरजही नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात मालकाला घेऊन जा आणि चेसी नंबर सांगा. त्यांच्या संगणकात गाडी कारखान्यातून कोणत्या प्रकारची म्हणून निघाली, याची नोंद असते. दुकानदाराने पहिल्या मालकाला दिलेले मूळ बिल मिळाले तर फारच उत्तम. त्याच्यावर प्रकाराचे पूर्ण नाव असते. विम्याच्या कागदावरही मॉडेल आणि प्रकार छापलेला असतो. बिल, विमा आणि आरसी हे तीन साक्षीदार एकच जबाब देत असतील तर समाधान माना. तिघांत तफावत असेल, तर ती मिटेपर्यंत इसारसुद्धा देऊ नका.

चेसी नंबर नुसता वाचू नका, त्याची पेन्सिल प्रिंट घ्या. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत होतो, तशीच. खोडाखोड केलेली असेल तर घासलेल्या कागदावर ती डोळ्यांपेक्षा स्पष्ट उमटते. इंजिन नंबरही आरसीशी जुळवून पाहा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटच्या पट्ट्याच्या चिठ्ठीवरही बहुधा तारीख असते. पट्टा गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण निघाला, तर केबिनमध्ये काही अदलाबदल का झाली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आता सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित खूण. आरसीवर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे मालासकट जास्तीत जास्त किती, ते. दुसऱ्यातून पहिले वजा करा. जे उरेल तीच तुमच्या गाडीची क्षमता. आमच्या भावाच्या आरसीवर २,९९० आणि १,६९० हे आकडे होते. वजाबाकी १,३००. म्हणजे ७७ नव्हे, ५९ कॅरेट. फाळक्यावरचा आकडा काहीही असो, काट्यावरचा अधिकारी हीच वजाबाकी करतो.

आणि विकणाऱ्याचे ते दुसरे वाक्य आठवा, “परमिटचीही कटकट नाही.” मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे ज्या मालगाडीचे एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही, त्याहून जास्त असेल तर लागते. आता विचार करा. गाडी रिकामी १,६९० किलोंची, आणि वाहणार १,७०० किलो, तर एकूण वजन ३,३९० होईल. म्हणजे परमिट लागलेच पाहिजे. पावणेदोन टनी आणि बिनपरमिटाची, या दोन गोष्टी या गाडीत एकत्र नांदूच शकत नव्हत्या. विकणाऱ्याच्या एका वाक्याने दुसरे खोटे पाडले होते. ऐकणाऱ्याला बेरीज येत होती, पण त्याने ती केली नाही.

कोणी म्हणेल, आता काही करून गाडीची क्षमता कागदावर वाढवून घेता येईल का? कायद्याचे ५२ वे कलम स्पष्ट आहे. कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. तेव्हा बेस मॉडेल घेऊन टॉप करू, ही कल्पना सोडून द्यावी. साधी गाडी वाईट असते असे मुळीच नाही. ज्याचा माल हलका आहे, पालेभाजी आहे, फुले आहेत, त्याला १.३ टनी गाडी पुरते आणि परमिटचा खर्चही वाचतो. वाईट असते ते एका मालाच्या किमतीत दुसरा माल घेणे. विम्यातही हाच घोटाळा नडतो, कारण गाडीचे विमामूल्य त्या मॉडेलची मूळ किंमत धरून, वयाप्रमाणे घट काढून ठरते. चार-पाच वर्षांच्या गाडीला ही घट निम्मी असते. चुकीच्या प्रकारावर विमा उतरवला असेल, तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो.

बाकीची कागदपत्रे थोडक्यात सांगतो. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर वित्तसंस्थेचे नाव असते. ते उतरवून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, ते पाहा. मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे फॉर्म भरले जातात. विकणाऱ्याच्या मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये किंवा एम-परिवहनमध्ये आरसी दिसते. हातातल्या कार्डाशी ती जुळवून घ्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात इंग्रजी कागद आला की लोक आजही गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. जुन्या गाडीची आरसी घेऊन कोणी आला, तर त्याला नुसते “ठीक आहे” म्हणू नका. दोन वजने त्यालाच वाचायला लावा आणि वजाबाकीही त्यालाच करायला लावा. वर्गातही हे गणित घालता येईल. ज्या मुलांच्या घरी पिकअप आहे, त्यांनी आरसीची प्रत आणावी, क्षमता काढावी आणि किती कॅरेट बसतील ते सांगावे. पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा हे गणित त्यांना जास्त आठवेल, असा माझा अनुभव आहे.

शेवटी भावाचे सांगतो. त्याने ती गाडी ५९ कॅरेट भरून तीन वर्षे चालवली. परवा म्हणाला, “दादा, आता विकावी म्हणतो. एक जण बघायला येणार आहे.” मी घरी गेलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन उभी होती, आणि फाळक्यावरचा ‘१.७’ तसाच चमकत होता. मी काही बोललो नाही, फक्त तिकडे पाहिले. तो म्हणाला, “मला कुणी सांगितलं होतं का?” मी म्हटले, “नाही सांगितलं. म्हणूनच तर तुझे टोमॅटो रस्त्यावर उतरले.” तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग आत गेला, डिझेलमध्ये भिजवलेला बोळा आणि एक जुने ब्लेड घेऊन आला, आणि आकडा खरवडू लागला. गाडीला त्याला अपेक्षेपेक्षा कमी पैसे आले. पण घेणाऱ्याने आरसी हातात घेऊन वजाबाकी केली, तेव्हा उत्तर तेच आले जे आमच्या भावाने त्याला आधीच सांगितले होते.